पोस्टरच्या कोपऱ्यातले नाव

प्रस्थापित समीक्षेने कलांची जी उतरंड लावून ठेवली आहे, तिच्यात कविता वर आहे, तैलचित्र वर आहे आणि भिंतीला खळ लावून चिकटवलेले पोस्टर सर्वांत खाली आहे. दलित साहित्याने कवितेच्या प्रांतात ही उतरंड हलवली. कोणते शब्द वाङ्मयीन आणि कोणते नाहीत, हे ठरवण्याचा अभिजनांचा मक्ता त्याने नाकारला. पण छापील चित्राच्या प्रांतात आपण अजून त्यांचेच मोजमाप वापरतो. पोस्टर म्हटले की आपल्याला मजकूर दिसतो. ते कोणी योजले, कोणी छापले, कोणत्या हिशेबाने रंगवले, हे दिसत नाही. म्हणून या लेखात दूरचा वाटेल असा एक विषय घेतो : अमेरिकेतील आणि इंग्लंडमधील रॉक वाद्यवृंदांच्या मैफिलींची पोस्टरे, आणि त्यांतही स्क्रीन प्रिंटिंगने हाताने छापलेली. विषय दूरचा आहे, प्रश्न मात्र आपला आहे. एकाच हाताचे काम कुठे 'कला' ठरते आणि कुठे 'धंदा' राहतो, हे ठरवते कोण?

प्रथम काम समजून घेऊ. लाकडी किंवा धातूच्या चौकटीवर, म्हणजे फ्रेमवर, बारीक विणीचे कापड ताणून बसवतात. पूर्वी ते रेशमाचे असे, आता पॉलिएस्टरचे असते. एका इंचात दोनशेहून अधिक धागे असतात. कापडावर प्रकाशाने कडक होणारे रसायन चढवतात. त्यावर काळ्या शाईत काढलेली फिल्म ठेवून उजेड देतात. जिथे उजेड लागला तिथे रसायन घट्ट होते. जिथे फिल्मच्या काळ्या भागाने उजेड अडवला तिथले रसायन पाण्याने धुऊन जाते आणि कापडाची छिद्रे मोकळी होतात. मग फ्रेमखाली कागद ठेवायचा, फ्रेममध्ये शाई ओतायची आणि रबराची पट्टी, जिला स्क्वीजी म्हणतात, दाबून ओढायची. मोकळ्या छिद्रांतून शाई कागदावर उतरते. एका रंगाला एक फ्रेम. चार रंग असतील तर चार फ्रेमा, आणि प्रत्येक कागद चार वेळा फ्रेमखाली जातो. तीनशे प्रतींचे चार रंगी पोस्टर म्हणजे बाराशे वेळा खांद्यातून जोर काढून पट्टी ओढणे. शिवाय प्रत्येक रंग वाळेपर्यंत कागद पसरून ठेवणे, फ्रेमा धुणे, थिनरचा वास छातीत घेणे.

हे तपशील मी मुद्दाम देतो आहे, कारण या पोस्टरांचे सौंदर्य ह्या श्रमातूनच निघते. चांगला योजक आधी रंग मोजतो. दोन रंग एकमेकांवर चढवून तिसरा मिळतो काय, हे तो पाहतो; म्हणजे एका फ्रेमेचे श्रम वाचतात. कागदाचा मूळ रंगही तो एक रंग म्हणून वापरतो. फिकट रंग आधी आणि गडद शेवटी छापतो. रंगाला रंग तंतोतंत भिडवणे हाताला कठीण, म्हणून गडद रंगाची कड फिकट रंगावर किंचित चढवतो. कागद केसभर हलला तरी मध्ये पांढरी फट दिसत नाही. एकाच फ्रेमेत दोन टोकांना दोन शाया ओतून पट्टी ओढली, तर मधोमध त्या मिसळतात आणि एका ओढीत इंद्रधनुष्यासारखा पट्टा उमटतो. यात प्रत्येक प्रत थोडी निराळी निघते. जाड काळी रेषा, सपाट रंग, मोठी अक्षरे हा ह्या पोस्टरांचा घाट केवळ कुणाच्या प्रतिभेतून आलेला नाही. कापड, रबर, शाई आणि दुखणारा खांदा यांच्याशी झालेल्या तडजोडीतून तो आला आहे. जो समीक्षक ही तडजोड पाहत नाही, तो अर्धेच पोस्टर पाहतो.

माझ्या वर्गातील दोन मुले संध्याकाळी लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात हेच काम करतात. गणपती आणि सोनेरी वेलबुट्टी छापताना तेही चढवलेली कड आणि मिसळलेली शाई वापरतात. त्यांना कोणी कलावंत म्हणत नाही. तेही स्वतःला म्हणत नाहीत.

येथे नावाचा एक मासलेवाईक इतिहास आहे. स्क्रीन प्रिंटिंगचे पेटंट मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ साली घेतले आणि पुढे ही पद्धत दुकानांच्या पाट्या, झेंडे, जाहिराती यांसाठी रुळली. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात अमेरिकन सरकारने बेकार कलावंतांना काम देण्याची योजना काढली. तिच्यात अँथनी व्हेलोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही धंदेवाईक पद्धत चित्रकारांच्या हाती दिली. चित्रकारांच्या हाती येताच तिला निराळे नाव लागले : 'सेरिग्राफ'. हेतू उघड होता. दुकानाच्या पाटीपासून कलाकृती वेगळी ओळखू यावी. कापड तेच, रबर तेच, ओढणारा हात तसाच. परंतु एक 'स्क्रीन प्रिंट' आणि एक 'सेरिग्राफ'. नाव बदलले की विटाळ जातो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. फरक एवढाच की तिथे वस्तूची जात बदलली, छापणाऱ्याची बदलली नाही.

आता पोस्टरांकडे वळू. रॉक हे संगीत कृष्णवर्णीयांच्या ब्लूज आणि ऱ्हिदम अँड ब्लूजमधून जन्मले, हे आता कोणी नाकारत नाही. त्या संगीताची पोस्टरेही रॉकच्या पोस्टरांच्या आधीची आहेत. बाल्टिमोर शहरात १९२९ साली ग्लोब पोस्टर नावाचा छापखाना सुरू झाला. जेम्स ब्राऊन, ओटिस रेडिंग यांसारख्या गायकांच्या दौऱ्यांची पोस्टरे तिथे छापली गेली. झगझगीत डे-ग्लो शाईचे पट्टे, त्यांवर लाकडी टाइपातली जाड अक्षरे, गायकाचा कापून बसवलेला फोटो. पुष्कळदा पोस्टरचा वरचा भाग कोरा ठेवत. दौरा ज्या गावी जाईल त्या गावाचे, सभागृहाचे नाव आणि तारीख तिथे मागून छापायची. एकदा चित्र छापले की अनेक गावे भागत. वंशभेदाच्या त्या देशात काळ्या प्रेक्षकांना कोणत्या सभागृहात जाता येते, हे सांगणारे ते साधन होते. ते दुरून वाचता आले पाहिजे, कामावरून परतणाऱ्याला चालत्या बसमधून वाचता आले पाहिजे. कोण, कुठे, केव्हा, किती पैसे : चार प्रश्नांची चार ठसठशीत उत्तरे. त्या पोस्टरांवर छापखान्याचे नाव असे. योजकाचे क्वचितच, आणि शाई ओढणाऱ्याचे कधीच नसे.

दुसरे दृश्य सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. १९६६ पासून फिलमोर ऑडिटोरियममध्ये बिल ग्रॅहम रॉक मैफिली भरवू लागले आणि त्यांची पोस्टरे वेस विल्सन काढू लागले. ही पोस्टरे ऑफसेटवर छापलेली होती, स्क्रीनवर नव्हे. परंतु पुढच्या सर्व रॉक पोस्टरांचा वळसा त्यांनी ठरवला, म्हणून त्यांना वगळता येत नाही. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलर यांच्या शतकारंभीच्या अक्षरांवरून विल्सन यांनी फुगीर, वितळणारी अक्षरे घडवली. जुलै १९६६ च्या एका पोस्टरात तर सर्व मजकूर ज्वाळेच्या आकारात लवलवतो. व्हिक्टर मोस्कोसो येल विद्यापीठात योझेफ आल्बर्स यांच्या हाताखाली रंगशास्त्र शिकलेले. त्यांनी समान तेजाचे विरोधी रंग शेजारी ठेवून डोळ्यांपुढे कंप निर्माण केला. रस्त्यावरचा माणूस थांबावा आणि अक्षरे सोडवत बसावा, हा हेतू. ही पोस्टरे आज संग्रहालयांत टांगलेली आहेत, आणि ती त्या योग्यतेची आहेत, याविषयी मला शंका नाही.

परंतु फिलमोर हे नाव कोणाचे? ती काळ्यांची वस्ती होती. १९४२ मध्ये तिथल्या जपानी अमेरिकनांना छावण्यांत डांबले गेले, युद्धकाळात काळे कामगार तिथे राहायला आले, आणि जाझच्या क्लबांमुळे तिला पश्चिमेचे हार्लेम म्हणू लागले. मग नगर-पुनर्विकासाच्या नावाखाली ती वस्ती बुलडोझरखाली गेली. नगर-नूतनीकरण म्हणजे प्रत्यक्षात काळ्यांना हटवणे, असे जेम्स बाल्डविन यांनी १९६३ मध्येच सांगितले होते. ज्या सभागृहात ग्रॅहम यांनी रॉक भरवला, ते आधी चार्ल्स सुलिव्हन हे कृष्णवर्णीय आयोजक चालवत असत. त्यांच्याच परवान्यावर ग्रॅहम यांच्या सुरुवातीच्या मैफिली झाल्या. ऑगस्ट १९६६ मध्ये सुलिव्हन यांचा गोळी घालून खून झाला. वस्ती गेली, माणूस गेला, आणि 'फिलमोर' हे नाव एका रंगीत पोस्टरशैलीचे नाव होऊन जगभर गेले. पोस्टरे सुंदर आहेत ही गोष्ट खरी आणि त्यांच्या पायाखाली पाडलेली घरे आहेत ही गोष्टही खरी. समीक्षेने दोन्ही एकाच वाक्यात म्हणता आले पाहिजे.

स्क्रीन प्रिंटिंगची खरी करामत त्याच वेळी लंडनमध्ये चालली होती. मायकेल इंग्लिश आणि नायजेल वेमाउथ या दोघांनी 'हॅपशॅश अँड द कलर्ड कोट' या नावाने १९६७ मध्ये यूएफओ क्लबसाठी आणि अनेक वाद्यवृंदांसाठी पोस्टरे केली. सोनेरी आणि चंदेरी शाया, एका ओढीत मिसळणारे रंग, पानभर वळणारी रेषा. पट्टी ओढण्याच्या क्रियेतून किती वैभव काढता येते याचा तो नमुना आहे. फिलमोरच्या मैफिलीसाठी त्यांनी केलेल्या जिमी हेंड्रिक्सच्या पोस्टरात त्या काळ्या गिटारवादकाला त्यांनी अमेरिकेतील मूलनिवासी सरदाराच्या रूपात, डोक्यावर पिसांचा साज चढवून दाखवले आहे.

या पोस्टरापाशी थांबले पाहिजे. हेंड्रिक्स यांच्या घराण्यात चेरोकी पूर्वजांची गोष्ट सांगितली जात असे. तेव्हा ही कल्पना अगदीच उपरी होती असे म्हणता येणार नाही. परंतु त्या काळी पिसांचा मुकुट पोस्टरांवर सर्वत्र दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या फॅमिली डॉग या आयोजक मंडळींच्या बोधचिन्हातही लांब चिलीम ओढणारा मूलनिवासी होता. १४ जानेवारी १९६७ च्या मेळाव्यासाठी रिक ग्रिफिन यांनी काढलेल्या पोस्टरात घोड्यावर बसलेल्या मूलनिवासीच्या हाती विजेची गिटार आहे, आणि त्या मेळाव्यालाच 'टोळ्यांचे संमेलन' म्हटले आहे. ज्यांनी समाज सोडला, अशा गोऱ्या तरुणांना ज्यांना समाजाने हाकलले त्यांचा वेश हवा होता. वेश घेतला, माणूस घेतला नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये खरोखरचे मूलनिवासी त्याच उपसागरातल्या अल्काट्राझ बेटावर उतरले आणि जून १९७१ पर्यंत त्यांनी ते ताब्यात ठेवले. त्यांची मागणी पिसांविषयी नव्हती, जमिनीविषयी होती. पोस्टरातील मूलनिवासी काही मागत नाही. म्हणून तो सर्वांना आवडतो. दडपलेल्या माणसाचे चित्र प्रतीक म्हणून वापरणे आणि त्याचे म्हणणे पुढे आणणे, यांतला फरक पाहण्याची सवय आपल्या समीक्षेने लावून घ्यावी. हॅपशॅशचे पोस्टर मला देखणे वाटते. पण त्यातील देखणेपण हेंड्रिक्सचा माणूस म्हणून चेहरा झाकून मिळवले आहे, असेही मला वाटते.

अक्षरांचा प्रश्न त्याहून जवळचा आहे. वितळणारी अक्षरे वाचायला वेळ लागतो. ज्यांना वाचता येतात ते आतले, ज्यांना येत नाहीत ते बाहेरचे. ज्यांच्या घरात चार पिढ्या अक्षरे आहेत, त्यांना अक्षरांशी खेळण्याची चैन परवडते. ज्याच्या घरात पहिले पुस्तक त्याच्याच हाताने आले, त्याला अक्षर सहजी वाकवता येत नाही. ते सरळ लागावे यासाठीच त्याने आयुष्य खर्च केलेले असते. याचा अर्थ दुर्बोध अक्षर हा गुन्हा आहे असा नव्हे. कोडे सोडवण्याचा आनंद श्रमिकालाही होतो. आपल्या लोककलेतले कूट आणि सवाल-जबाब त्याचीच साक्ष देतात. मात्र कोडे घालणाऱ्याने आधी ऐकणाऱ्याला फडात बसवलेले असते. पोस्टर रस्त्यावर असते, तिथे कुणी कुणाला बसवलेले नसते. म्हणून ग्लोबच्या साध्या ठसठशीत अक्षरांत मला एक प्रकारची माणुसकी दिसते. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही ते वगळत नाही. 'साधे' म्हणजे 'प्राथमिक' असे ठरवणारी समीक्षा हे पाहू शकत नाही.

आता सहीचा प्रश्न. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या कलाशाळेत विद्यार्थ्यांनी आणि कामगारांनी 'लोक-कार्यशाळा' उघडली, स्क्रीनवर एकरंगी पोस्टरे छापली आणि ठरवून त्यांवर कोणाचीही सही घातली नाही. कोणते चित्र छापायचे हे सभेत ठरे. या निर्णयाचा मी आदर करतो. परंतु बाल्टिमोरच्या छापखान्यातील कामगाराचीही सही नव्हती, आणि ती कोणत्याही सभेने ठरवून काढलेली नव्हती. नाव टाकून देणे वेगळे आणि नाव नसणे वेगळे. ज्याला नाव आहे तोच त्याचा त्याग करू शकतो. सामूहिकतेच्या गौरवात हे दोन अनामिक एकत्र मोजले गेले, तर श्रमिकाचे नाव दुसऱ्यांदा पुसले जाते. उलट बाजूही आहे : सही मिळाली म्हणजे सर्व मिळाले असेही नाही. वेस विल्सन यांची सही पोस्टरावर होती, तरी मोबदल्यावरून १९६७ मध्ये त्यांचे ग्रॅहम यांच्याशी बिनसले आणि त्यांनी शेवटच्या पोस्टरात तोंडात डॉलरचे चिन्ह धरलेला साप काढला. सही प्रतिष्ठा देते. भाकरीचा हिशेब ती आपोआप चुकता करीत नाही.

पुढे १९८० नंतरच्या काळात टेक्सासमधील ऑस्टिन येथे फ्रँक कोझिक यांनी झेरॉक्सच्या चिठ्ठ्यांपासून सुरुवात करून मोठ्या रंगीत स्क्रीन पोस्टरांपर्यंत मजल मारली आणि या प्रकाराला नवा बाजार मिळाला. बालचित्रांतील निरागस पात्रे घेऊन त्यांना हिंसेच्या शेजारी बसवण्याची त्यांची रीत पुष्कळांनी उचलली. २००२ पासून सॅन फ्रान्सिस्कोत 'फ्लॅटस्टॉक' नावाने पोस्टरांची प्रदर्शने-विक्री सुरू झाली. आज असे पोस्टर बहुधा भिंतीवर लागतच नाही. ते मैफिलीच्या दारात विकतात; मोजक्याच प्रती काढून, क्रमांक घालून, सही करून. मैफिलीची खबर देण्याचे काम फोनच्या पडद्याने घेतले आहे. म्हणजे पोस्टराने आपले मूळ काम सोडले आणि आठवणवस्तू झाले. यात एक लाभ झाला : पुष्कळ योजक स्वतःच पट्टी ओढतात, त्यामुळे डोके आणि हात यांतली भिंत काहीशी पडली. आणि एक हानी झाली : ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत, त्याला पूर्वी भिंतीवर फुकट दिसणारे चित्र आता दिसत नाही. ग्लोबचा छापखाना २०१० मध्ये बंद पडला. त्याचा टाइप आणि ठोकळे दुसऱ्या वर्षी तिथल्या कलामहाविद्यालयाने घेतले. धंदा मेल्यावर त्याला कला म्हणून प्रवेश मिळाला.

मग तिसरा मार्ग आहे काय? तो त्याच उपसागराच्या पलीकडच्या काठावर होता. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंड येथे ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला; १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने त्याचे नाव घेतले, हे वाचकांना सांगायला नको. त्या पक्षाचे सांस्कृतिक मंत्री एमरी डग्लस पोरवयात सुधारगृहाच्या छापखान्यात काम शिकले आणि पुढे त्यांनी सिटी कॉलेजमध्ये व्यावसायिक कलेचे शिक्षण घेतले. पक्षाच्या वृत्तपत्रात त्यांना बहुधा काळ्याबरोबर एखादाच जादा रंग मिळे. त्यांनी जाड रेषेत झाडूवाली बाई, उंदरांच्या घरातले मूल, हातात वृत्तपत्र घेतलेली आजी काढली. ऐन भरात ते वृत्तपत्र आठवड्याला लाखाच्या वर खपे, आणि त्याचे शेवटचे पान वस्तीतल्या भिंतीवर लागे. पक्षाचा 'लंपन' नावाचा गायकवृंदही १९७० मध्ये उभा राहिला होता; दिवसा वृत्तपत्राचे गठ्ठे उचलणारेच रात्री गात. डग्लस यांची सही चित्राच्या कोपऱ्यात आहे, अक्षरे दुरून वाचता येतात, आणि चित्रातला माणूस कोणाचा वेश नाही. तो स्वतःची मागणी घेऊन उभा आहे. एका जादा रंगाच्या दारिद्र्यातून त्यांनी जे उभे केले ते पाहता, कलामूल्य आणि बांधिलकी यांत निवड करावी लागते हा वाद मला पोकळ वाटतो.

आपल्याकडे आता फ्लेक्सचे राज्य आहे. जयंतीच्या फलकावर बाबासाहेबांहून गल्लीतील कार्यकर्त्यांचे चेहरे मोठे असतात आणि गीतगायनाच्या कार्यक्रमात गायकाचे नाव प्रायोजकाखाली दबते. फ्लेक्स स्वस्त आहे आणि रात्रीत मिळतो, म्हणून तो वापरू नका असे सांगणे हा पोटभरल्यांचा उपदेश होईल. मी तीन प्रश्न तेवढे सुचवतो, आणि ते कोणत्याही पोस्टराला विचारता येतील. हे कोणाला वाचता येते? यातला माणूस स्वतः बोलतो आहे की कोणाच्या सजावटीसाठी उभा केला आहे? आणि हे ज्याने योजले व ज्याने छापले, त्यांची नावे कोठे आहेत? जलसा भरवणाऱ्या मंडळांनी निदान तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या वर्षीपासून द्यावे. कोपऱ्यात एक ओळ पुरते : योजना अमुक, छपाई अमुक.